मागच्या खोलीतला वास

आमच्या सासरी नाकाला फार मान. म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नाकाला. बाकीच्यांची नाकं नुसती चष्मा टेकवायला. बाबा, म्हणजे बद्रीनाथराव, मूळचे वाशीमकडचे. तरुणपणी पुण्यात आले आणि चिंचवडच्या एका कारखान्यात लागले. कुठल्या मशीनचं बेअरिंग तापलंय हे आपण नुसत्या वासावरून सांगायचो, साहेब लोक मुद्दाम बोलवायला यायचे, असं ते दर पाहुण्याला ऐकवत. नव्वदनंतर कारखान्यात परदेशी भागीदार आला, नवी यंत्रं आली आणि जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. त्यातली 'स्वेच्छा' नक्की कुणाची, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तर तेव्हापासून ते नाक घरी बसलं.

घरी बसून त्या नाकाला काम एकच, ताट. फोडणीत मोहरी जरा जास्त तडतडली, दुधाला किंचित वास आला, की ताट भिंतीवर. लग्न होऊन मी त्या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात गवारीची भाजी माझ्या डोक्यावरून गेली. भिंतीला लागून खाली ओघळली. आणि माझ्या सासूबाई, गोदाबाई, म्हणजे आमच्या आई, त्या लगेच उठून पुसायला लागल्या. फडकं आणायला त्या गेल्या नाहीत. ते ओलं करून त्यांनी आधीच कमरेला खोचून ठेवलं होतं.

मी वारज्याची. आमच्याकडे ताट फेकणाऱ्याला भिंतीवरचंच खरवडून पुन्हा वाढलं असतं. मी तसं म्हणालेही. माझा नवरा दिग्विजय हळूच म्हणाला, "बाबा तसेच आहेत गं." मी म्हटलं, "मग मीही अशीच आहे." बाबा उठले आणि त्यांनी माझ्यावर हात उगारला. तो हात माझ्यापर्यंत आला नाही, कारण मध्ये आई आल्या होत्या. खांद्यावर फटका बसला तेव्हा त्यांनी तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही, नुसतं तोंड फिरवलं, पावसाचा शिंतोडा चुकवावा तसं. त्यानंतर मी बोलणं आवरलं. मला भीती वाटली म्हणून नाही. माझ्या तोंडाचा मार त्यांना बसतो हे कळलं म्हणून.

गोदाबाईंबद्दल सांगायचं तर लोक एवढंच सांगतील की बाई फार सोशिक. सोशिक या शब्दाची मला चीड आहे. एखाद्याला रोज तुडवायचं आणि तो उठून चहा करतो म्हणून त्याचं कौतुक करायचं, याला काय अर्थ आहे. त्या ठेंगण्या, हाडाच्या मजबूत, पुण्यात सारं आयुष्य काढूनही बोली वाशीमची. स्वयंपाक उत्तम. नैवेद्याचं असो वा नसो, शिजताना चव घ्यायची नाही हा त्यांच्या माहेरचा नेम. मीठ हाताच्या अंदाजानं, फोडणी कानानं ऐकून, मसाला रंगावर. दूध आलं की आधी चमचाभर तापवून बघायच्या, नासलं तर तिथंच कळावं म्हणून. आम्हाला वाटायचं, जुन्या वळणाची बाई.

दोन हजार चारच्या सुमाराला दिग्विजय आणि मी दोघंही हिंजवडीला नोकरी करत होतो, आणि वारज्यात भाड्याच्या दोन खोल्यांत चौघं राहत होतो. त्या दोन खोल्यांत एखाद्यानं हात उगारला की तो कुणाला ना कुणाला लागायचाच. घर हवं होतं. कोथरूडमध्ये नव्या सोसायट्यांचे भाव ऐकून दिग्विजयनं नाद सोडला होता, इतक्यात एका जुन्या बैठ्या घराची बातमी लागली. राधाताई म्हणून बँकेतून निवृत्त झालेल्या एकट्या बाई तिथं राहत. त्यांना मांजरांचं वेड. किती मांजरं होती ते त्यांनाही माहीत नसावं. त्या वारल्या, भाचा अमेरिकेत, त्याला घर फुंकून टाकायचं होतं. मोक्याच्या जागेचं घर स्वस्तात का मिळतंय याचं उत्तर एजंटानं दार उघडताच मिळालं. त्यानं कुलूप काढलं आणि स्वतः फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

तो वास नाकात जात नव्हता, सरळ डोळ्यांत जात होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढची खोली कशीबशी पार झाली. मागच्या खोलीत, जिथं मांजरं रात्रंदिवस कोंडलेली असत, तिथं बाबांनी उंबऱ्याशी पाय ठेवला आणि तिथंच भडाभडा ओकले, नव्या चपलांवर. दिग्विजय बाहेर पळाला. आई मात्र आत गेल्या. खिडक्या उघडल्या, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "चांगली खोली हाय वं. उजेड केवढा हाय." आम्ही सगळे तोंडाला रुमाल लावून त्यांच्याकडे बघत होतो. कशाचीच किळस नाही या बाईला, असं मला वाटलं.

घर घेतलं. मग सुरू झाले उपाय. फिनेल झालं, चुना झाला, कापूर जाळून झाला. दिग्विजयच्या ऑफिसातला एक जण परदेशातल्या ऑनसाइटहून येताना एक फवाऱ्याची बाटली घेऊन आला. बाटलीवर एक मांजर हसत होतं. आमच्याकडे बघूनच हसत असावं. फवारा मारल्यावर घरात लिंबू आणि मांजर असा एकत्र वास यायला लागला. मग बाबांच्या हट्टानं वास्तुशांत घातली. गुरुजींनी घरभर गोमूत्र शिंपडलं. मांजराच्या मुतावर गाईचं मूत. गुरुजी स्वतः उपरणं नाकाला लावून मंत्र म्हणत होते आणि अर्धे मंत्र त्यांनी गिळले असणार, कारण इतक्या लवकर आटपलेली वास्तुशांत मी आजवर पाहिलेली नाही.

शेवटी पोपट मिस्त्रीला बोलावलं. त्यानं शहाबादी फरशीची एक चिप उचकटली, खाली बोट घातलं आणि तोंड वाकडं केलं. "वास फरशीत न्हाय, ताई. खालच्या मुरमात मुरलाय. ह्याच्यावर पानी पडलं की आनखी उठतंय. समदं उकरायला लागंल." एवढं सांगून तो आठवडाभर गायब झाला, मिस्त्री लोकांच्या रिवाजाप्रमाणे.

काम सुरू झालं तेव्हा प्रश्न आला की तिथं लक्ष ठेवायला कोण थांबणार. आम्ही दोघं ऑफिसात. बाबा फाटकाच्या आत यायला तयार नाहीत. आई म्हणाल्या, "मी थांबन." बाबा म्हणाले, "जा. तेवढी तरी कामाची होशीन."

मग ते घर फोडायला घेतलं. मी शनिवारी जायची. घणाचा घाव पडला की फरशी आधी नुसती दचकायची, दुसऱ्या घावाला तडकायची, तिसऱ्याला खचायची. खालून काळा, ओला मुरूम निघायचा. भिंतींचा गिलावा कंबरेपर्यंत खरवडला, आतल्या विटा सोललेल्या गुडघ्यासारख्या दिसायला लागल्या. खरं सांगते, मला ती मोडतोड आवडायची. एकदा मी पोपटच्या हातातून घण घेतला आणि स्वयंपाकघराची अर्धी फरशी मीच फोडली. प्रत्येक घावाला मला गवारीची भाजी दिसत होती. पोपट बाजूला उभा राहून म्हणाला, "ताई, तुमी ऑफिसात नेमकं काय काम करता?"

अशाच एका शनिवारी मी सकाळी जरा लवकर पोचले. मजूर यायचे होते. आई स्वयंपाकघरात जमिनीवर गॅसच्या छोट्या शेगडीपाशी बसल्या होत्या, मजुरांच्या चहाचं आधण ठेवायला. मी दारात पाय ठेवला आणि मांजरांच्या वासावरही चढलेला गॅसचा भपकारा माझ्या नाकात शिरला. शेगडीचं बटण कधीचं उघडं राहिलं होतं. त्याच शेगडीशी ओणवून आईंनी काडेपेटी हातात घेतली होती आणि काडी ओढण्याच्या बेतात होत्या.

ओरडायला वेळच नव्हता. मी धावत जाऊन त्यांच्या मनगटावर सगळ्या ताकदीनं फटका मारला. काडेपेटी उडून कोपऱ्यात पडली. मी बटण बंद केलं, खिडकी ढकलली आणि वळले. आई जमिनीवर मुटकुळं करून बसल्या होत्या. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांशी, हनुवटी छातीत. "चुकलं," त्या म्हणत होत्या, "चुकलं, चुकलं."

मी आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. आणि एका फटक्यात माझ्यापुढे ती बाई अशी बसली, सराव असल्यासारखी. मला रडूच कोसळलं. मी त्यांचे हात ओढून खाली घेतले. "आई, मी आहे. गॅस केवढा भरला होता. तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मले वासच येत नाई, नम्रता. कशाचाच."

मग त्या सांगायला लागल्या, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा. दिग्विजय तेव्हा रांगत होता, तापानं फणफणलेला, मांडीवर. स्टोव्हवर डाळ. दोन रात्री जागरण झालेलं, बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. बाबा पाळीवरून येत होते. डाळ करपल्याचा वास त्यांना चाळीच्या तोंडाशीच आला. आत आले, भिंतीला टेकवलेला पाट उचलला आणि मागून त्यांच्या डोक्यात घातला. पोराला धरून त्या पुढे पडल्या. पोर वाचलं. त्या किती दिवस पडून होत्या ते त्यांना सांगता येत नव्हतं. उठल्या, पुन्हा डाळ टाकली, तर डाळीला वास नव्हता. कांद्याला नव्हता, रॉकेलला नव्हता, पोराच्या डोक्यालाही नव्हता.

"मंग काय," त्या म्हणाल्या, "मले कळेचना डाळ करपली का नाई ते. मंग अजून करपे. अजून मार."

"आणि एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोनाले सांगू? ज्यानं मारलं त्याले?"

ज्या नाकाचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते त्या नाकानंच हिला मारलं होतं. आणि आम्ही दीडशहाणे या बाईला वासाच्या कामावर लक्ष ठेवायला बसवून गेलो होतो.

आईंनी माझं मनगट धरलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. ती खोली अजून फोडायची राहिली होती. मी ओढणी दोन पदरी करून नाकाला लावली. आत एका कोपऱ्यात त्यांची चटई होती, उशाशी घडी घातलेलं लुगडं. चटईवर राधाताईंच्या मांजरांतला एकच राहिलेला बोका पसरला होता, एक कान फाटलेला. मी आल्याचं त्याला आवडलं नाही.

"दुपारी मजूर जेवाले गेले की मी इथं झोपतो," आई म्हणाल्या. त्यांच्याकडे बायकाही 'जातो, येतो' म्हणतात. "इथं ते येत नाईत. येऊच शकत नाईत. लग्न झाल्यापासून मी दाराकडे पाठ करून झोपली नव्हती, पोरी. डोळे लागले तरी कान दाराकडे. इथं पाठ करून झोपतो." त्यांनी बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मी तुमाले कधी काही मागितलं का?"

"नाही."

"मंग हे खोली अशीच राहू दे. बाकी घर करा कसं पाहिजे तसं. ह्या खोलीले हात नका लावू."

त्याच दिवशी मी दिग्विजयला सगळं सांगितलं. तो मोबाइलशी चाळा करत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तेव्हा चाळीत सगळ्यांकडेच असायचं गं असं." मी तो मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि भिंतीवर आपटला. तुकडे गोळा करायला तो खाली बसला आणि बसूनच राहिला. "मला आठवत नाही," असं म्हणाला, "पण पाट आठवतो. आईनं तो नंतर कधी वापरला नाही. जाळलाही नाही." मागची खोली सामानासाठी तशीच ठेवायची, असं त्यानं पोपटला दुसऱ्या दिवशी स्वतः सांगितलं.

घर झालं. आम्ही राहायला आलो. पुढच्या खोल्यांत नवी फरशी, नवा गिलावा, वास नाव घ्यायला नाही. मागच्या खोलीचं दार घट्ट बसवून घेतलं, खाली रबराची पट्टी. तिथं सामान कधी गेलंच नाही, आई गेल्या. रात्री दार लोटून घ्यायच्या, बोका खिडकीतून यायचा. बाबा हॉलमध्ये. पहिले काही दिवस त्यांनी आकांडतांडव केलं. दाराशी यायचे, शिव्या घालायचे, उंबऱ्यावरून चप्पल भिरकावायचे, एकदा चहाचा भरलेला कप भिरकावला. पण नेम धरायला आत यावं लागतं, आणि आत आलं की नाकच त्यांना हाकलून लावायचं. आई आतून शांतपणे चप्पल परत सरकवायच्या. त्या वर्षी त्यांच्या अंगावर मी एकही नवा वळ पाहिला नाही. त्यांच्या गालांवर थोडं मांससुद्धा आलं.

मग वाशीमला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. आई लग्नाला गेल्या. दिग्विजय कामासाठी बंगळूरला आणि माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर, सकाळी अंधारात बाहेर पडायचं आणि रात्री बाबा जेवून झोपल्यावर परत, अशी गत. मागचं दार बंद दिसायचं, मी समजायची बंद आहे. रविवारी सकाळी दिग्विजय बंगळूरहून घरी परतला आणि मी शिवाजीनगरला एसटीवरून आईंना आणायला गेले. त्या खुशीत होत्या. पिशवीत माहेरची ज्वारी होती आणि बोक्यासाठी कागदात बांधलेला बुंदीचा लाडू. बोका लाडू खातो का, मी विचारलं. म्हणाल्या, "खाते बापा. तो काहीही खाते."

दारात बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून उभे. हसत होते. "ये," ते आईंना म्हणाले, "ये, पाह्य."

त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. आत पांढरीशुभ्र चकचकीत टाइल. भिंतींना रंग. पोपट एका कोपऱ्यात बसून पट्टी बसवत होता, त्याची पहार आणि घण भिंतीला टेकलेले. मधोमध बाबांची खाट, आणि तिला लावून दुसरी.

"तुमी मूर्ख लोक बाहेरचं सारं उकरत बसले," बाबा दिग्विजयला म्हणाले, "उकराची गरजच नाई. फरशीवर फरशी ठोकली, वास खलास. चार दिवसांत काम. आता आमी दोघं इथं झोपू. हवा चांगली हाय."

आईंना वास आला काय, गेला काय, कळायचा मार्गच नव्हता. त्या फरशीकडे बघतच नव्हत्या. त्या खाटांकडे बघत होत्या.

"बोका?" त्यांनी विचारलं.

पोपटनं मान खाली घातली. बाबा म्हणाले, "लय माजला होता. पहारीनं एकच हाणला. ह्यानं कालव्यात टाकला नेऊन."

आईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. पदर कमरेला खोचला, जिथं ओलं फडकं असायचं तिथं. चार पावलं टाकून भिंतीशी गेल्या, घण उचलला, आणि कुणाला काही कळायच्या आत खोलीच्या मधोमध घातला.

टाइल फुटल्याचा आवाज गोळी सुटल्यासारखा आला. दुसरा घाव. तिसरा. कपच्या उडून माझ्या पायाला लागल्या. "डिगू, धर तिले," बाबा ओरडले. दिग्विजय दारात उभा होता. तो हलला नाही. मी त्याच्याकडे बघत होते, हलला असता तर मी त्यालाही सोडला नसता. "धर म्हणतो ना तिले." तो नाहीच हलला.

मग बाबाच पुढे झाले. त्यांनी मागून आईंचा अंबाडा धरून मान मागे खेचली आणि दुसऱ्या मुठीनं डोक्यात मागच्या बाजूला हाणलं, पुन्हा हाणलं. तीच जागा. मी पहार उचलली. ती मी त्या माणसाच्या पाठीत घातली असती, हे आजही सांगते आणि मला त्याची लाज नाही. पण आईंनी घण सोडला नव्हता. त्यांनी केसांसकट हिसडा दिला, बाबांच्या मुठीत केसांचा पुंजका राहिला, आणि त्या वळल्या. कपाळावरून रक्त ओघळत होतं, बहुतेक कपचीनं. त्यांनी घण डोक्यावर नेला. बाबांच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती पाहिली, आणि त्यांचे हात वर गेले, कोपरं कानांशी.

घण त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. चुकून की मुद्दाम, मला विचारू नका. टाइल फुटली, तिच्याखालची जुनी शहाबादी आरपार खचली, आणि नव्या सिमेंटच्या पाण्यानं भिजून बसलेला खालचा मुरूम उघडा पडला.

वास असा वर आला की पोपट पट्टी टाकून खिडकीतून बाहेर गेला. बाबांनी तोंडावर हात दाबला. त्यांच्या घशातून आवाज आला, गुडघे मोडले, आणि ते त्या नव्या टाइलवर ओकले. मग चार पायांवर रांगत, कपच्यांवरून, उंबऱ्याच्या बाहेर गेले. दिग्विजयनं त्यांना वाट दिली, हात दिला नाही.

आई धापा टाकत त्यांच्या रांगण्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "आला का वं वास?"

ओढणीतून मला बोलता येईना. मी मान हलवली. "आला, आई. भयानक आला."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा घण उचलला. खोलीभर फिरून त्यांनी मन लावून ठिकठिकाणी फरशी फोडली. खाटा मी आणि दिग्विजयनं ओढत बाहेर काढल्या. शेजारच्यांनी कुंपणावरून विचारलं, रविवारी सकाळी हे काय चाललंय म्हणून. मी म्हटलं, दुरुस्ती.

दुपार झाली. त्यांच्या डोक्याला मी पट्टी बांधली. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाल्या, आधी जेवण होऊ दे. डाळ शेगडीवर चढवली आणि तुटक्या फरशीवर चटई टाकून त्या आपल्या खोलीत जाऊन पडल्या, दाराकडे पाठ करून. बाबा हॉलमध्ये खाटेवर बसून होते. मी आणि दिग्विजय जेवणाच्या टेबलाशी.

डाळ लागायला लागली. वास मलाही आला, दिग्विजयलाही आला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम उठले नाही आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यालाही उठू दिलं नाही.

बाबांच्या नाकपुड्या फुलल्या. "डाळ करपून राहिली," ते गरजले. ताडकन उठले, पायातली चप्पल हातात घेतली आणि मागच्या खोलीकडे निघाले. उंबऱ्याशी आले आणि थांबले. चप्पल धरलेला हात वर, दुसरा हात नाकावर. पाऊल उचललं, परत ठेवलं. "डाळ करपली," ते नाक दाबूनच म्हणाले. "वास येत नाई काय तुले?"

आई वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नाई येत. तुमी पाट हाणला ना, त्या दिवसापासून नाई येत. तुमाले येते ना? मंग जा अन् गॅस बंद करा."

बाबा तिथंच उभे. त्यांनी दिग्विजयकडे बघितलं. दिग्विजय म्हणाला, "आई काय म्हणाली ते ऐकलं ना, बाबा?" चप्पल हळूहळू खाली आली. ती त्यांनी पायात घातली, स्वयंपाकघरात गेले, आणि शेगडीचं बटण फिरवल्याचा आवाज आला. त्यानंतर आई होत्या तोवर आमच्याकडे डाळ चढली की बाबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत, आणि वेळ झाली की उठून गॅस बंद करत.